कमी खर्चात उकाड्याला तोंड कसं द्यावं: नवख्यांसाठी पायरीपायरीने

कडक उन्हाळ्यात थंड राहायला जे लागतं, त्यातलं बरंचसं घरात आधीच असतं: पाणी, सुती कापड, पंखा आणि खिडक्या. प्रश्न असतो तो काय केव्हा वापरायचं याचा. एकाच्या घरी रामबाण ठरलेला उपाय दुसऱ्याच्या घरी त्रास वाढवतो, कारण एकाकडची हवा कोरडी असते आणि दुसऱ्याकडची दमट. म्हणून माझा आग्रह आहे की कूलर, एसी किंवा बर्फाचा डबा, कशावरही पैसे घालण्याआधी आपल्याकडची हवा ओळखा. ते फुकटात होतं आणि पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात.

आधी शरीराचं थोडं समजून घेऊ. शरीर आतून ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहायला धडपडतं. नुसता बसलेला माणूसही साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, काम करणारा त्याच्या कितीतरी पट. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तोवर ही उष्णता आपोआप निघून जाते. हवा पस्तिशीच्या पुढे गेली की ती वाट बंद होते आणि उरतो फक्त घाम. १ लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर तो सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. हे फार मोठं काम आहे, पण घाम वाळला तरच. टपकून खाली पडलेला किंवा पुसून टाकलेला घाम शरीराला गारवा देत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो.

पहिली पायरी: हवा कोरडी की दमट?

खोलीचं तापमान दाखवणारा एक साधा, फुग्याचा थर्मामीटर घ्या (तापाचा चालणार नाही). सावलीत टांगून आकडा बघा. मग त्याच्या फुग्याभोवती पातळ सुती कापड गुंडाळा, ते पाण्याने चिंब करा आणि पंख्यासमोर पाचेक मिनिटं धरा. आकडा खाली यायला लागेल. जिथे तो स्थिरावेल, तो ओल्या कापडाचा आकडा. दोन्हींतला फरक १० अंशांहून जास्त असेल तर तुमची हवा कोरडी आहे आणि पाणी हा तुमचा सर्वांत स्वस्त दोस्त. फरक ५ अंशांच्या आत असेल तर हवा दमट आहे, आणि तिथे पाणी शिंपडून गारवा मिळणार नाही, चिकचिक मात्र वाढेल. मधल्या फरकात पाण्याचे उपाय थोडेफार चालतात, तेही हवा खेळती असेल तरच.

ओल्या कापडाचा आकडा स्वतः एक इशाराही आहे. तो ३५ अंशांना पोचला तर सावलीत बसलेला निरोगी माणूसही काही तासांपेक्षा जास्त तगू शकत नाही, असं गणित सांगतं. प्रयोगशाळेत तरुण, धडधाकट लोकांवर झालेल्या चाचण्यांत तर दमट हवेत ३०-३१ अंशांच्या आसपासच शरीर आपलं तापमान सांभाळेनासं झालं. त्यामुळे हा आकडा तिशीकडे सरकू लागला की अंगमेहनत थांबवा आणि घरातल्या वयस्कर माणसांना गार जागी हलवा. नुसत्या तापमानावर विसंबू नका. ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता हे ऐकायला सौम्य वाटतं, पण शरीराला ते ४१ अंशांसारखं जाणवतं.

दुसरी पायरी: ऊन घराबाहेरच अडवा

घरात शिरलेली उष्णता बाहेर काढायला खर्च येतो, तिला दाराबाहेर ठेवायला फारसा येत नाही. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पडदा खिडकीच्या आत लावला तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. तोच पडदा, चटई, जुनी चादर किंवा ताडपत्री काचेच्या बाहेर बांधली तर ऊन काचेला लागतच नाही. बाहेर काही बांधायची सोय नसेल तर आतून फिक्या रंगाचा, शक्यतो चकचकीत पाठीचा पडदा काचेला अगदी चिकटून लावा. बाहेरच्या आडोशाइतका नाही, पण उपयोग होतो.

सगळ्या खिडक्या एकदम झाकायला कापड पुरत नसेल तर पश्चिमेच्या खिडकीपासून सुरुवात करा. दुपारनंतरचं तिरकं ऊन थेट आत घुसतं, तेही घर आधीच तापलेलं असताना. त्यानंतर पूर्वेची खिडकी, सकाळच्या उन्हासाठी.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा खरा शत्रू छप्पर असतं. गडद रंगाचं छप्पर भर उन्हात ६५ अंशांपर्यंत तापू शकतं. पांढरं, ऊन परतवणारं छप्पर त्याहून २५-३० अंशांनी थंड राहू शकतं. चुन्याचा दाट हात मारणं हा यातला सर्वांत स्वस्त मार्ग. पावसाने तो धुऊन जातो, त्यामुळे दर वर्षी मारावा लागतो. घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी विचारा. छपरावर आच्छादन घालायचं असेल तर ते छपराला टेकवू नका. खालून वारा वाहील एवढी जागा सोडा.

विटांच्या आणि काँक्रीटच्या घरात आणखी एक अडचण असते. जाड भिंत आणि स्लॅब दुपारची उष्णता साठवून ठेवतात आणि संध्याकाळनंतर ती आत सोडत राहतात. बाहेर गार झालं तरी खोली तापलेलीच, याचं कारण हे. पाण्याची टंचाई नसेल तर सूर्य मावळल्यावर स्लॅबवर पाणी शिंपडा. भर दुपारी ओतलेलं पाणी वाफ होऊन जातं आणि लगेच पुन्हा ऊन तापवतं.

तिसरी पायरी: खिडक्यांचं वेळापत्रक

कोरड्या हवेत दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठा फरक असतो, तो वापरून घ्या. बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गार झाली की सगळं उघडा, सकाळी बाहेर तापायला लागलं की सगळं बंद करा. नेमकी वेळ ठरवायला थर्मामीटर एकदा आत आणि एकदा बाहेर सावलीत ठेवून बघा. दुपारी "हवा यावी" म्हणून खिडकी उघडली की झळा आत येतात आणि रात्रभर गार केलेल्या भिंती तासाभरात तापतात.

दमट हवेत हे जमत नाही. तिथे रात्रही फारशी गार होत नाही आणि बंद खोलीत श्वासाचा, घामाचा, स्वयंपाकाचा ओलावा साठत जातो. अशा ठिकाणी ऊन अडवून समोरासमोरच्या खिडक्या दिवसाही उघड्या ठेवा, वारा खेळू द्या.

रात्री वारा पडला असेल तर टेबल फॅन खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवा. तो आतली गरम हवा बाहेर फेकतो आणि दुसऱ्या खिडकीतून गार हवा ओढली जाते. वर झरोका किंवा जिन्याचं दार असेल तर ते उघडा, गरम हवा वरूनच निघते. खालच्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीला जाळी किंवा गज नसतील तर आधी सुरक्षेचा विचार करा. डासांचा त्रास असेल तर मच्छरदाणी लावा, पण ती वारा अडवते म्हणून पंखा जवळ घ्या.

स्वयंपाकही पहाटे किंवा रात्री उशिरा उरका, झाकण ठेवून शिजवा, आणि शेगडी चालू असताना त्या खोलीची हवा बाहेर जाईल असं बघा. चालू शेगडी ही बंद घरातली सर्वांत मोठी भट्टी असते.

चौथी पायरी: पंखा, कूलर, बर्फ आणि एसी

छताचा पंखा साधारण ५० ते ७५ वॅट वीज घेतो, दीड टनाचा एसी १५०० वॅटच्या आसपास. म्हणजे एका एसीच्या विजेत वीसेक पंखे चालतात. पंखा खोली थंड करत नाही, तो माणसाचा घाम वाळवतो. म्हणून रिकाम्या खोलीतला पंखा बंद करा, आणि माणूस असेल तिथे तो अंगावर येईल असा ठेवा.

पंख्यालाही मर्यादा आहे. हवा ४० अंशांच्या पुढे गेली की तो गरम हवा अंगावर मारतो आणि शरीर आणखी तापू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही ४० अंशांच्या खालीच पंखा वापरण्याचा आहे. वयस्कर माणसांना घाम कमी येतो, त्यांच्या बाबतीत ही मर्यादा आणखी अलीकडे धरा. अंग किंवा कपडे ओले ठेवले तर मात्र कोरड्या हवेत पंखा त्याही पुढे मदत करतो.

कूलर घ्यावा का, याचं उत्तर पहिल्या पायरीतच मिळालेलं आहे. चांगला कूलर कोरड्या आणि ओल्या आकड्यांतल्या फरकाच्या साधारण तीन चतुर्थांश इतकं तापमान उतरवतो. फरक १६ अंश असेल तर हवा १२ अंशांनी गार होऊन येईल, आणि तो पैसा सत्कारणी लागला. फरक ४ अंश असेल तर ३ अंशांसाठी खोलीत दमटपणा भरायचा, हा तोट्याचा सौदा. आणि कूलर चालू असताना खिडकी उघडी ठेवाच. कोंडलेल्या खोलीत ओलावा साठतो आणि तासाभरात कूलर निकामी वाटू लागतो. टाकीतलं पाणी वरचेवर बदला, नाहीतर त्यात डास होतात.

पंख्यासमोर बर्फ ठेवायचा उपाय फार लोकप्रिय आहे. हिशोब करून बघा. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. १ टनाचा एसी एवढं काम सुमारे दीड मिनिटात करतो. शिवाय तो बर्फ घरच्या फ्रीजमध्ये केला असेल तर फ्रीजने त्याहून जास्त उष्णता तुमच्याच घरात सोडलेली असते. पण तेवढाच बर्फ कापडात गुंडाळून अंगाला लावला, तर तो एका बसलेल्या माणसाची जवळजवळ तासाभराची उष्णता घेऊन जातो. म्हणून बर्फ खोलीसाठी खर्चू नका, शरीरासाठी वापरा. आणि कोरड्या हवेत तर तेवढंच पाणी अंगावर वाळू दिलं तर ते बर्फाच्या सातपट उष्णता नेतं.

एसी असेलच, तर एकच खोली निवडा, घरातल्या सगळ्यांनी कडक वेळेत तिथे जमा आणि दारांच्या फटी बंद करा. २७ अंशांवर लावून सोबत पंखा चालवला तर खोली आणखी ४ अंशांनी गार भासते, आणि थंड करण्यावरचा वीजखर्च ७० टक्क्यांपर्यंत वाचू शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरी काहीच सोय नसेल तर दुपारचे दोन-तीन तास वाचनालय, सार्वजनिक सभागृह अशा गार जागी काढा. तेवढ्या विश्रांतीनेही शरीर सावरतं.

पाचवी पायरी: घर नाही, अंग गार करा

हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. तळहात आणि तळपायांच्या त्वचेत रक्त भराभर पृष्ठभागावर आणणाऱ्या खास रक्तवाहिन्या असतात. हात कोपरापर्यंत गार पाण्यात १० ते २० मिनिटं बुडवून बसलात की गार झालेलं रक्त सगळ्या शरीरात फिरतं. बादलीत पाय सोडून, मानेवर ओला पंचा टाकून बसणं यामागेही हेच. हा उपाय दमट हवेतही चालतो, कारण इथे पाणी वाळायची गरज नसते. नळाचं साधं पाणी पुरतं.

कोरड्या हवेत सुती कपडे भिजवून, पिळून घाला आणि पंख्याखाली बसा. झोपताना चादर तशीच ओलसर करून पांघरा. जाड फोमची गादी पाठीखाली उष्णता धरून ठेवते, त्यामुळे चटईवर किंवा थेट फरशीवर झोपणं बरं. रात्रीच्या झोपेकडे विशेष लक्ष द्या. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री उतार मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचा उकाडा पहिल्यापेक्षा जड जातो.

बाहेर जाताना सैल, फिके, अंगभर कपडे, रुंद काठाची टोपी किंवा छत्री. अंग उन्हाने भाजलं तर त्या जागी घाम नीट येत नाही, म्हणून अंग झाकणं हे गारव्यासाठीही महत्त्वाचं आहे.

सहावी पायरी: पाणी आणि मीठ

तहान लागण्याची वाट बघू नका. घरात असाल तर तासाला एक पेला, दिवसाला २ ते ३ लिटर. उन्हात काम असेल तर दर १५-२० मिनिटांनी एक पेला. एकदम लिटरभर ढोसण्यापेक्षा थोडं थोडं पिणं शरीराला मानवतं. तासाला दीड लिटरच्या पुढे मात्र जाऊ नका. रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखतं, उलट्या होतात, आणि जिवावरही बेततं.

लघवीचा रंग ही उत्तम खूण. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल किंवा बरेच तास लघवीच झाली नसेल तर पाणी कमी पडतंय.

तासन्‌तास घाम गाळलात, किंवा पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, तर नुसतं पाणी पुरत नाही. १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मोजून घाला, अंदाजे नको, कारण जास्त मीठ घातक असतं. केलेलं पाणी २४ तासांत संपवा. घरात बसून असणाऱ्याला रोज याची गरज नसते. हृदयाचा, मूत्रपिंडाचा, रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा त्रास असेल तर पाणी आणि मीठ किती, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दारू टाळा, ती शरीरातलं पाणीही घालवते आणि सावधपणाही.

सातवी पायरी: शरीराला वेळ द्या

गार प्रदेशातून नुकतेच आलेले, आजारातून उठलेले, लांब रजेवरून पुन्हा कामावर रुजू झालेले, अशा सगळ्यांसाठी ही पायरी जिवाची आहे. उष्णतेने कामावर झालेल्या मृत्यूंत पहिल्या काही दिवसांतले मृत्यू फार मोठ्या प्रमाणात असतात. कारण शरीर अजून तयार नसतं. सात ते चौदा दिवस रोज थोडा वेळ उष्णतेत काढला की बदल होतात: घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं आणि हृदयावरचा ताण उतरतो.

नव्या कामगारासाठी रूढ असलेला नियम असा: पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या फक्त २० टक्के वेळ उन्हात, मग रोज २० टक्क्यांची भर. आधी अशा कामाची सवय असलेल्याने परत आल्यावर पहिल्या दिवशी ५० टक्के, मग ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. "बाकीचे करतायत, मग मलाही जमेल" असं मनात येईल. बाकीच्यांचं शरीर आठवडाभर आधीपासून तयार होतंय, हे मुकादमालाही सांगा. ही कमावलेली सवय आठवडाभर गारव्यात राहिलं तरी ओसरू लागते.

आठवी पायरी: कोणाकडे जास्त लक्ष द्यायचं

तान्ही मुलं, वयस्कर माणसं, गरोदर बाया, जुने आजार असलेले. म्हातारपणी तहान बोथट होते, त्यामुळे "मला नको पाणी" यावर विसंबू नका, पेला हातात द्या. लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या, काही मानसिक आजारांच्या आणि ॲलर्जीच्या औषधांनी घाम किंवा शरीरातलं पाणी कमी होऊ शकतं. औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन आणि इतर औषधं उन्हात राहणार नाहीत याचीही काळजी घ्या.

उन्हात उभ्या गाडीत मूल क्षणभरही ठेवू नका. दहा मिनिटांत आतलं तापमान १० अंशांनी चढतं, आणि काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

१९९५ मध्ये शिकागोच्या उष्णतेच्या लाटेत ७०० हून अधिक माणसं दगावली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की एकटे राहणारे आणि वरच्या मजल्यावरचे लोक जास्त धोक्यात होते, आणि ज्यांच्याकडे माणसांचं येणंजाणं होतं ते तुलनेने सुरक्षित. म्हणून शेजारी कोणी एकटं असेल तर दिवसातून दोनदा दार वाजवा. आत जाऊन त्यांची खोली किती तापली आहे ते स्वतः बघा.

नववी पायरी: उष्माघात ओळखा आणि लगेच हालचाल करा

अशक्तपणा, चक्कर, मळमळ, डोकेदुखी, भरपूर घाम: हा उष्णतेचा थकवा. कामातून उठवा, सावलीत आडवं करा, पाय थोडे वर, कपडे सैल, अंगावर ओलं कापड, घोट घोट पाणी. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही, किंवा उलट्या थांबेनात, तर दवाखाना गाठा.

माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, झोकांड्या खाऊ लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. शरीर ४० अंशांच्या पुढे गेलेलं असतं. घाम थांबला असेल किंवा नसेलही. श्रमाने झालेल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो, त्यामुळे "घाम येतोय ना, मग काळजी नाही" ही समजूत जीव घेते. डोकं ठिकाणावर आहे का, एवढंच बघा.

रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका, तिथेच थंड करायला लागा. टब किंवा मोठं घमेलं असेल तर मानेपर्यंत थंड पाण्यात बसवा आणि डोकं सतत धरून ठेवा. ते नसेल तर कपडे काढून अंगावर पाणी ओतत राहा आणि पंख्याने, पुठ्ठ्याने, जे हाती लागेल त्याने जोरात वारा घाला. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्ध नसलेल्याला पाणी पाजू नका, श्वासनलिकेत जातं. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप नाही, त्याने उतरत नाही आणि यकृताला इजा होऊ शकते. माणूस नीट बोलू लागला किंवा कुडकुडू लागला की पाणी ओतणं थांबवा. पण रुग्णालयात न्याच. बाहेरून सावरल्यासारखा दिसला तरी मूत्रपिंड आणि यकृतावरचा परिणाम पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत दिसू शकतो, आणि तो रक्ततपासणीशिवाय कळत नाही.